पुन्हा करणारे किती?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००२ साली कॅन्सासमधल्या एका कैद्याचा खटला होता. मुद्दा तसा तांत्रिक होता. लैंगिक गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेल्या माणसाला उपचार कार्यक्रमात घ्यायचं, तर आधी त्याने आपली सगळी कृत्यं, ज्यांचा खटला कधी उभाच राहिला नाही तीसुद्धा, लिहून द्यायची. नाही दिली तर तुरुंगातल्या सवलती बंद. ही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती ठरते का? न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी चौघांच्या वतीने लिहिताना ‘नाही’ म्हटलं आणि ओघात एक आकडा दिला. उपचार न घेतलेल्या अशा गुन्हेगारांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे, आणि हा धोका भयावह आहे. पुढच्याच वर्षी अलास्काचा खटला आला. शिक्षा भोगून सुटलेल्यांची नावं जाहीर नोंदवहीत टाकणं ही शिक्षा नव्हे, सुरक्षेचा उपाय आहे, म्हणून कायद्याआधीच्या गुन्ह्यांनाही तो लागू करता येतो, असं ठरलं. त्या निकालात ‘भयावह’ हा शब्द जसाच्या तसा परत आला. पुढे खालच्या न्यायालयांची निकालपत्रं आणि वकिलांचे युक्तिवाद मिळून तो शंभराहून जास्त ठिकाणी पोचला.

२०१५ साली कायद्याचे प्राध्यापक आयरा एलमन यांनी तारा एलमन यांच्यासह या ऐंशी टक्क्यांचा माग काढला. निकालाने आधार घेतला होता न्याय खात्याच्या १९८८ सालच्या एका मार्गदर्शिकेचा. मार्गदर्शिकेने घेतला होता १९८६ साली ‘सायकॉलॉजी टुडे’ या लोकप्रिय मासिकात आलेल्या एका लेखाचा. लेख लिहिणारे दोघे ओरेगॉनच्या तुरुंगात अशा कैद्यांवर उपचार करणारे समुपदेशक. त्यांनी एका वाक्यात ऐंशी टक्के लिहून टाकले होते. मागे अभ्यास नाही, तक्ता नाही, किती जणांना किती वर्षं पाहिलं त्याचा पत्ता नाही. लेखाचा रोख आपल्या कार्यक्रमाची उपयुक्तता सांगण्याकडे होता, आणि उपचाराविना काय होतं हे जितकं काळं रंगवावं तितका उपचार उजळ दिसतो. त्यात कपट होतं असं मला वाटत नाही. आपल्या कामावर श्रद्धा असलेली माणसं असं बोलून जातातच. पण बोलून गेलेलं वाक्य सोळा वर्षांनी घटनात्मक निकालाच्या पायात बसलं.

भीती मात्र हवेतून आलेली नव्हती. न्यू जर्सीत १९९४ साली मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा खून झाला. मारणारा समोरच्याच घरात राहत होता आणि लहान मुलींवरच्या अत्याचारासाठी त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती. तिच्या आईवडिलांना हे ठाऊक नव्हतं. ‘आम्हाला कळायला हवं होतं’ या त्यांच्या म्हणण्याला कोण काय उत्तर देणार? त्यातून मेगनच्या नावाचा कायदा झाला आणि जाहीर नोंदवह्या देशभर पसरल्या. पुन्हा गुन्हा करणारे असतात, हे कुणी नाकारत नाही. वाद आहे तो किती, कोण आणि कधी, याचा. या तीन शब्दांची उत्तरं ठरवल्याशिवाय दिलेला कुठलाही टक्का, ऐंशी असो की पाच, माझ्या लेखी माहिती म्हणून धरण्याजोगा नाही.

पाच टक्केही खराच आहे. अमेरिकेच्या न्याय-सांख्यिकी कार्यालयाने १९९४ साली पंधरा राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांचा तीन वर्षं मागोवा घेतला. त्यातल्या ५.३ टक्क्यांना नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली. दोषी ठरलेले त्याहून कमी, ३.५ टक्के. कुठल्याही गुन्ह्यासाठी अटक मोजली तर मात्र ४३ टक्के. एकच माणसं, एकच तीन वर्षं, आणि तीन आकडे. वर्तमानपत्राला जो हवा तो उचलावा.

आता दुसरं टोक पाहा. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘लैंगिकदृष्ट्या धोकादायक’ ठरवून बंदिस्त ठेवलेल्या माणसांचं एक उपचार केंद्र होतं. तिथून सुटलेल्यांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. नवा लैंगिक आरोप दाखल होणं हा निकष धरला, तर मुलांवर अत्याचार केलेल्यांत पंचवीस वर्षांच्या अखेरीस हे प्रमाण ५२ टक्के निघालं. या दोन आकड्यांत भांडण नाही. एका अभ्यासात सगळे सुटलेले, दुसऱ्यात मुळातच धोकादायक म्हणून निवडलेले. एकात तीन वर्षं, दुसऱ्यात पंचवीस. मधल्या पट्ट्यात हॅरिस आणि हॅन्सन या संशोधकांचा २००४ सालचा ४,७२४ जणांचा अभ्यास येतो: पाच वर्षांनंतर १४ टक्के, दहा वर्षांनंतर २०, पंधरा वर्षांनंतर २४. वर्षं वाढली की एकूण टक्का वाढणारच, कारण एकदा मोजला गेलेला माणूस यादीतून वजा होत नाही. पण वाढीचा वेग पाहिला की दिसतं की पहिल्या पाच वर्षांत चौदा टक्क्यांची भर पडली, तिसऱ्या पाचात जेमतेम चार टक्क्यांची. हॅन्सन यांच्याच गटाने २०१४ साली दाखवलं की अगदी जास्त धोक्याच्या गटातला माणूससुद्धा बाहेर येऊन दहा वर्षं नव्या लैंगिक गुन्ह्याशिवाय राहिला, तर त्याच्याबाबत पुढची शक्यता सुटकेच्या दिवशीच्या २२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास उतरते. जन्मभर नोंदवहीत ठेवणाऱ्या कायद्यांना हा तक्ता वाचायला सवड झालेली दिसत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो इतका वजनदार आहे की त्याला दोन वाक्यांत वाटेला लावता येणार नाही. हे सगळे आकडे पकडले गेलेल्यांचे आहेत. लैंगिक अत्याचार झालेल्यांपैकी बहुसंख्य पोलिसांत जातच नाहीत. गेलेल्यांची फिर्याद टिकत नाही, साक्षीदार फितूर होतात, घरचेच मिटवतात. मग पाच टक्के पुन्हा ‘पकडले गेले’ याचा अर्थ पाच टक्क्यांनीच पुन्हा ‘केलं’ असा कसा लावायचा? पीडितांसोबत काम करणारी बाई हा आकडा ऐकून हसते, आणि तिचं हसणं चुकीचं नाही.

मोजणाऱ्यांकडे यावर एक उत्तर आहे. समजा दर गुन्ह्यामागे पकडलं जाण्याची शक्यता दहातली एकच आहे. एकदाच पुन्हा गुन्हा करणारा माणूस बहुधा निसटेल. पण जो पाच वेळा करील तो कधी ना कधी सापडण्याची शक्यता ४१ टक्के होते, दहा वेळा करणाऱ्याची ६५, वीस वेळा करणाऱ्याची ८८. म्हणजे सर्वांत घातक, सातत्याने करत राहणारा माणूस लांबच्या मागोव्यात बहुतेक वेळा दिसायलाच हवा. लांबच्या मागोव्यातही प्रमाण चोवीस टक्क्यांच्या आसपास थांबत असेल, तर ऐंशी टक्के लोक अखंड गुन्हे करत सुटले आहेत हे चित्र टिकत नाही.

हे गणित मला पटतं, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. त्यात प्रत्येक गुन्हा सुटा धरला आहे, जणू दर वेळी फासे नव्याने टाकले जातात. घरातल्या अत्याचारात तसं होत नाही. तिथे वीस वेळचा गुन्हा हा बऱ्याचदा एकाच मुलीवरचा, एकाच गप्पपणाखाली झाकलेला असतो. पहिल्यांदा तोंड दाबलं गेलं की उरलेल्या एकोणीस वेळाही दाबलेलंच राहतं. दर गुन्ह्यामागची शक्यता दहा टक्क्यांऐवजी दोन धरली, तर वीस गुन्हे करणाराही तीनात दोनदा हाती लागत नाही. म्हणूनच कुटुंबातल्या मुलांवर अत्याचार केलेल्यांचं पुनरावृत्तीचं प्रमाण अभ्यासांत सर्वांत कमी दिसतं, तेव्हा मी सावध होतो. काही अंशी ते खरं असेल. शिक्षेनंतर त्या माणसाला त्या मुलांजवळ जाऊ दिलं जात नाही. काही अंशी ते मौनाचं मोजमाप असेल. या दोन्हींना वेगळं काढायची पद्धत अधिकृत नोंदींत नाही. तेव्हा पोलिसी आकडा हा तळ आहे, त्याखाली सत्य सहसा जात नाही, वर किती जातं ते गटागटानुसार बदलतं, इतकंच मी म्हणेन.

उलट बाजूचीही एक चूक असते, ती कमी बोलली जाते. वस्तीत काही घडलं की पोलीस ठाण्यात पहिला हुकूम काय सुटतो? रेकॉर्डवरची पोरं उचला. आधी शिक्षा झालेल्याला संशयावरून आणलं जातं, बसवून ठेवलं जातं, कधी अटकही दाखवली जाते. अटक हाच निकष असेल, तर त्याच्या खात्यावर आणखी एक गुन्हा चढतो, जो त्याने केला असेल किंवा नसेलही. दोषसिद्धीचा निकष घट्ट आहे पण त्यातून खरे गुन्हे गळतात. अटकेचा निकष सैल आहे आणि त्यात खोटे शिरतात. म्हणून चांगले अभ्यास दोन्ही देतात आणि वाचणाऱ्याला मधला अंदाज बांधू देतात.

या सगळ्या आकडेमोडीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९९४च्या सुटकांवरच्या त्याच अहवालातला एक कोपरा. त्या वर्षी त्याच पंधरा राज्यांतून लैंगिक नसलेल्या गुन्ह्यांचे, म्हणजे चोरी, दरोडा, अमली पदार्थ अशांचे, २,६२,४२० कैदीही सुटले. त्यांच्यापैकी नंतर लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली ती १.३ टक्क्यांना. म्हणजे जुना लैंगिक गुन्हेगार साध्या कैद्याच्या चौपट धोकादायक. हे खरं आणि ते लपवू नये. पण टक्के सोडून माणसं मोजा. लैंगिक गुन्हेगारांतून ५१७ जण सापडले, इतर कैद्यांतून ३,३२८. सुटलेल्या कैद्यांपैकी ज्यांना पुढे लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली, त्यातले ८७ टक्के आधी लैंगिक गुन्हेगार नव्हते. आणि हे फक्त तुरुंगातून सुटलेल्यांचं. कधीच तुरुंगात न गेलेला माणूस यात आलेलाच नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एकवीस वर्षांच्या अटकांचा २००८ साली झालेला अभ्यास हे अंतर भरून काढतो. लैंगिक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त अशा माणसांच्या होत्या, ज्यांना आधी कधी लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली नव्हती. नोंदवही कितीही काटेकोर ठेवली, तरी ही माणसं तिच्यात सापडणार नव्हती.

आपल्याकडे यावं, तर मोजण्याची अडचण आणखी खोल जाते. मुंबईच्या महालक्ष्मी भागातल्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. बातमी देशभर गेल्यावर एक टेलिफोन ऑपरेटर तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात ३१ जुलैला, म्हणजे तीन आठवडे आधी, अत्याचार झाला होता आणि तिने तोवर कुणाकडे तक्रार केलेली नव्हती. तीन आरोपी दोन्ही प्रकरणांत समान निघाले. दुसऱ्या घटनेच्या दिवशी पोलिसांचं दप्तर उघडलं असतं, तर त्यांच्या नावावर बलात्काराचा एकही गुन्हा दिसला नसता. दुसऱ्या पीडितेने फिर्याद दिली नसती, तर पहिली कदाचित कधीच नोंदली गेली नसती, आणि ही ‘पुनरावृत्ती’ कुठल्याही तक्त्यात उमटली नसती.

कायद्याने या तिघांना पुनरावृत्ती करणारे ठरवलं ते आणखी वेगळ्या वाटेने. २०१३च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत ३७६ ई हे कलम आलं: आधी बलात्कारात दोषी ठरलेला पुन्हा दोषी ठरला तर जन्मठेप, मरेपर्यंतची, किंवा फाशी. दोन्ही खटले शेजारी शेजारी चालले आणि २० मार्च २०१४ रोजी एकाच दिवशी दोन्हींत दोष सिद्ध झाला. ऑपरेटरच्या प्रकरणात जन्मठेप सुनावल्यावर सरकार पक्षाने पत्रकाराच्या प्रकरणात ३७६ ई चा आरोप वाढवून घेतला आणि ४ एप्रिलला तिघांना फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली कलम वैध ठरवलं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप केली. त्या तिघांविषयी मला कसलीही कणव नाही. पण ‘पुन्हा’ म्हणजे काय, हे इथे नीट दिसतं. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाने परत केलेला गुन्हा हा एक अर्थ. पकडलं जाण्याआधीच दुसऱ्यांदा केलेला गुन्हा हा दुसरा, पूर्णपणे वेगळा. पहिल्यात तुरुंगाचं अपयश असतं. दुसऱ्यात तुरुंगाचा संबंधच आलेला नसतो, आणि तिथे उपाय एकच, पहिली तक्रार लवकर आणि निर्धास्तपणे देता येणं. ३७६ ई, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ७१ म्हणून आहे, दोन्हींना एकाच मापात घालतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे छापतो ते पुनरावृत्तीचं मोजमाप नव्हे. तुरुंगांच्या आकडेवारीत त्या वर्षी दाखल झालेल्या कैद्यांपैकी आधी शिक्षा झालेले किती, हे असतं. तुरुंगाच्या दारात उभं राहून आत येणाऱ्याला ‘आधी आला होतास का?’ विचारणं आणि बाहेर जाणाऱ्याच्या मागे दहा वर्षं राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी आहे आणि फसवी. तुरुंगात एकूण गर्दी वाढली, नवे चेहरे जास्त आले, की सराईतांचं प्रमाण आपोआप कमी दिसतं, सुटलेल्यांच्या वागण्यात काडीचा फरक न पडता.

त्यात आपला मोजायचा गटच उघडा-वाघडा आहे. बलात्काराच्या खटल्यांत २०२२ साली दोषसिद्धीचं प्रमाण २७.४ टक्के होतं. चारातले जवळपास तीन खटले आरोपी सुटण्यात संपतात, त्याआधीची वर्षं आरोपी बहुधा जामिनावर बाहेर असतो. दोषी ठरलेल्यांचाच मागोवा घ्यायचा, तर सुटलेल्यांतले खरे गुन्हेगार पहिल्याच पायरीवर हिशेबाबाहेर जातात. दुसरीकडे दोषी गटात भलतीच माणसं येतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या २०१६ ते २०२० या काळातल्या ७,०६४ निकालपत्रांचा एन्फोल्ड या संस्थेने अभ्यास केला. त्यातली १,७१५ प्रकरणं, म्हणजे साधारण चारात एक, प्रेमसंबंधांची होती: मुलगी सतरा वर्षांची, मुलगा थोडा मोठा, पळून गेले, बापाने फिर्याद दिली. यातले बहुतेक सुटतात. पण ज्यांना शिक्षा होते, ते आणि शाळेच्या व्हॅनमध्ये पाच वर्षांच्या मुलीला हात लावणारा, कायद्याच्या वहीत एकाच ओळीचे. असा मुलगा पुढे कुणावर अत्याचार करील ही शक्यता नगण्य; त्याला गटात धरलं की सगळ्यांचा टक्का खाली येतो आणि आपण निष्कारण निर्धास्त होतो. पुन्हा तोच मुलगा यादीतला ‘लैंगिक गुन्हेगार’ म्हणून जन्मभर हिंडतो.

यादी आपल्याकडेही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीपेढी सुरू केली, तेव्हाच तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांना दिसते, अमेरिकेसारखी चव्हाट्यावर नाही, हे शहाणपणाचं झालं. पण इतकी नावं एका ठिकाणी असताना त्यातून सर्वांत आधी निघायला हवं होतं ते उत्तर, अमुक वर्षी सुटलेल्यांपैकी पाच वर्षांत किती परत आले, ते कुठल्या सरकारी अहवालात येत नाही. आणि बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्याच अहवालांत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. काका, शेजारी, मालक, लग्नाचं वचन दिलेला. त्याचं नाव शोधायला कुणी माहितीपेढी उघडत नाही.

मोजण्याची भीती मी समजू शकतो. इंग्लंडमध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य उपचार कार्यक्रम नव्वदच्या दशकापासून तुरुंगांत चालू होता, आणि त्याची इतरत्रही नक्कल होत होती. मग त्यांच्या न्याय मंत्रालयाने कार्यक्रम केलेल्या २,५६२ जणांची तुलना, तशाच पार्श्वभूमीच्या पण कार्यक्रम न केलेल्या १३,२१९ जणांशी केली. सरासरी आठ वर्षांच्या मागोव्यानंतर नवा लैंगिक गुन्हा केलेले, उपचार न घेतलेल्यांत ८ टक्के निघाले आणि घेतलेल्यांत १०. चिठ्ठ्या टाकून केलेला हा प्रयोग नव्हता, त्यामुळे दोन गटांत न दिसणारा काही फरक असू शकतो. तरी इतक्या वर्षांच्या कार्यक्रमाने निदान फायदा झाल्याचं दिसलं नाही. एकत्र बसून आपापली कृत्यं सांगण्यातून ती सामान्य वाटायला लागतात की काय, अशी शंका घेतली गेली. मार्च २०१७ मध्ये कार्यक्रम बंद झाला, जूनमध्ये अहवाल छापला गेला, आणि दुसरे कार्यक्रम आणले गेले.

असा अहवाल महाराष्ट्रात करायला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. येरवडा, नाशिक रोड, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मध्यवर्ती कारागृहांतून एका ठरावीक वर्षी सुटलेले सगळे लैंगिक गुन्हेगार घ्यायचे, आणि त्याच वर्षी चोरी-मारामारीत सुटलेले तितकेच. बाललैंगिक अत्याचार, प्रौढ स्त्रीवरचा बलात्कार आणि प्रेमप्रकरणातली पोक्सो शिक्षा हे तीन रकाने सुरुवातीलाच वेगळे करायचे. मागाहून केले तर प्रत्येक जण आपल्या सोयीने करतो. फिर्याद, अटक, आरोपपत्र आणि दोषसिद्धी असे चार निकष शेजारी शेजारी ठेवायचे. पोलीस ठाण्यांना जोडणारी संगणक यंत्रणा आणि तुरुंगांच्या नोंदी जुळवल्या की बसल्या जागी बरंच काम होतं. नावांची स्पेलिंगं आणि बदललेले पत्ते यांत एखादं वर्ष जाईल. परराज्यात गेलेले सापडणार नाहीत, त्यांची संख्या अहवालात लिहून टाकायची.

त्या अहवालात आकडा पाच टक्के आला तर एक गट म्हणेल पोलीस झोपलेत, आणि पंचवीस आला तर दुसरा म्हणेल फासावर लटकवा. दोघांनाही विचारता येईल, चारातला कुठला निकष, तिनातला कुठला रकाना, आणि कितव्या वर्षाला.